न वाजणाऱ्या घंटेपुढची रांग

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे, मुलीकडे किंवा पुतण्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या मराठी पाहुण्यांना जी स्थळे दाखवली जातात, त्यांत नायगारा हे पाण्यासाठी, न्यूयॉर्क हे उंचीसाठी आणि फिलाडेल्फिया हे इतिहासासाठी राखून ठेवलेले असते. पाणी आणि उंची यांविषयी पाहुण्यांची तक्रार नसते, कारण या दोन्ही गोष्टी मान खाली किंवा वर करून बघता येतात आणि बघून झाल्या की संपतात. इतिहास मात्र वाचावा लागतो, वाचण्यासाठी उभे राहावे लागते आणि उभे राहिल्याने पाय दुखतात. त्यामुळे फिलाडेल्फियाचे नाव निघताच ‘तिथे बसायला असते का?’ हा पहिला आणि ‘एका दिवसात होईल ना?’ हा दुसरा प्रश्न विचारला जातो. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला विचार न करता ‘हो’ म्हणणाऱ्या व्यक्तीसाठी या लेखात ‘यजमान’ ही संज्ञा वापरली आहे.

यजमान हा बहुधा न्यू जर्सीतील एडिसन किंवा त्याच्या आसपासच्या गावी राहतो; तेथून फिलाडेल्फिया मोटारीने दीड-दोन तासांवर आहे आणि हे अंतर हेच त्या शहराचे दुर्दैव होय. ते पाच तासांवर असते तर मुक्काम ठरला असता, अर्ध्या तासावर असते तर पाहुण्यांना रेल्वेत बसवून देऊन यजमान घरी झोपू शकला असता. पण दीड तासाच्या अंतरामुळे सकाळी निघून रात्री परतण्याची ‘एकदिवसीय दर्शन’ नावाची पद्धत रूढ झाली आणि विल्यम पेनने १६८२ साली वसवलेल्या शहराचा समग्र इतिहास सकाळचे पोहे आणि रात्रीची खिचडी यांच्या मधल्या जागेत बसवणे भाग पडले. दर पाहुण्यांगणिक ही फेरी करावी लागल्यामुळे यजमानाला त्या शहराची माहिती एखाद्या प्राध्यापकाइतकी झालेली असते, फक्त ती सांगताना त्याचा आवाज रेल्वेस्थानकावरील उद्घोषणेसारखा येतो. प्रस्तुत लेखाचा कर्ताही याच वर्गात मोडत असल्यामुळे पुढील विवेचनात यजमानाची बाजू किंचित अधिक सहानुभूतीने मांडली गेल्यास वाचकांनी नवल मानू नये.

पाहुण्यांच्या प्रत्येक गटात एक काका असतात. ते बँकेतून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले असतात, त्यांनी विमानात बसण्यापूर्वीच शहराचा अभ्यास केलेला असतो आणि त्यांच्या खिशातील यादीत स्थळापुढे मिनिटे लिहिलेली असतात. काकूंकडे डबा असतो. यजमानाचा मुलगाही बरोबर असतो, आणि त्याला या प्रत्येक स्थळी शाळेच्या सहलीने आधीच नेऊन आणलेले असल्यामुळे सर्व प्रश्नांची बरोबर उत्तरे त्याला येतात. परंतु त्याला कोणी काही विचारत नाही. इतिहासाचा प्रारंभ भुयारी वाहनतळाच्या दरफलकापाशी होतो. तेथे काकू डॉलरला रुपयांनी गुणतात, ‘एवढ्यात आपल्याकडे गाडीची सर्व्हिसिंग होते’ असा निष्कर्ष काढतात, आणि यानंतर दिवसभर कोणीही गुणाकार करायचा नाही, असा यजमानाचा वटहुकूम निघतो, जो पहिल्या पाण्याच्या बाटलीपाशीच मोडला जातो.

पहिले स्थळ अर्थातच लिबर्टी बेल. पेनने १७०१ साली दिलेल्या सनदेला पन्नास वर्षे झाली, त्या सुमारास प्रांतिक विधानसभेने लंडनच्या व्हाइटचॅपल येथील ओतशाळेकडे ही घंटा मागवली, ती १७५२ मध्ये आली आणि चाचणीचा टोला देताच तडकली. मग पास आणि स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, तिचा आवाज लोकांना आवडला नाही म्हणून परत एकदा ओतली, आणि १७५३ मध्ये जी टांगली गेली तीच आज काचेच्या भिंतींच्या दालनात दोन हजार ऐंशी पौंडांच्या वजनानिशी लटकलेली आहे. प्रवेश विनामूल्य असल्याने काकूंचे समाधान होते. रांग लांब असल्याने काकांचे होते, कारण ज्यापुढे रांग नाही ते बघण्यासारखे नसते, असा त्यांचा तिरुपतीपासूनचा अनुभव आहे.

घंटेसमोर पोहोचल्यावर प्रत्येक मराठी माणसाचा उजवा हात आपोआप वर जातो. दालनात ‘रेंजर’ असतात. रेंजर म्हणजे राष्ट्रीय उद्यान सेवेचा, रुंद काठाची टोपी घातलेला, एकच गोष्ट दिवसभर सांगूनही न कंटाळणारा सरकारी कर्मचारी, आणि असा सरकारी कर्मचारी हेच पाहुण्यांच्या दृष्टीने या शहरातील सर्वात मोठे आश्चर्य असते. रेंजरने हाताकडे पाहून नम्रपणे मान हलवली की काका हात खाली घेत विचारतात, ‘मग वाजवतात कधी?’

‘शेवटची १८४६ मध्ये वाजली,’ रेंजर सांगतो, ‘वॉशिंग्टनच्या जयंतीला.’

‘म्हणजे एवढा तडा असून वाजवली?’

‘नाही, तो तडा नाही. ती दुरुस्ती आहे.’

येथे स्पष्टीकरण आवश्यक आहे. घंटेवर जी रुंद फट दिसते आणि जिचे छायाचित्र जगभर ‘तडा’ म्हणून ओळखले जाते, ती प्रत्यक्षात कारागिरांनी मुद्दाम कोरून रुंद केलेली जागा आहे. मूळची बारीक चीर वाढू नये आणि तिच्या कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून हा उपाय योजला गेला, आणि तो योजल्यानंतर निघालेल्या दुसऱ्या, सहजासहजी न दिसणाऱ्या चिरेने घंटा कायमची मुकी झाली. सारांश, लोक जिच्यासमोर उभे राहून हळहळतात ती मोडतोड नसून दुरुस्ती आहे, आणि खरी मोडतोड कोणी बघतच नाही. हे ऐकून काकांना कमालीचा आपलेपणा वाटतो. त्यांच्या सोसायटीतील पाण्याच्या टाकीचेही अगदी असेच झालेले असते.

काकांचे वाचन दांडगे असल्याने ते एवढ्यावर थांबत नाहीत. घंटेवर ‘पेनसिल्व्हेनिया’ या नावात एक ‘एन’ कमी आहे, हे ते शोधून काढतात आणि पुतण्याला खूण करून दाखवतात. त्या काळी ते वर्णलेखनही चालत असे, हे रेंजरचे उत्तर त्यांना पटत नाही, कारण चूक काढल्याचा आनंद खुलाशाने भरून निघत नाही. मग वसईच्या किल्ल्यातून १७३९ साली मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे, ती या घंटेपेक्षा जुनी आहे आणि तिच्यासमोर कसलीही तपासणी होत नाही, हे ते रेंजरला सांगतात. रेंजर ‘हो का?’ म्हणतो आणि मनापासून म्हणतो, ही त्या खात्याची शिस्त होय.

याच घंटेने ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्य पुकारले, ही कथा जॉर्ज लिपर्ड नावाच्या लेखकाने १८४७ मध्ये रचली आणि ती इतकी छान होती की खरी मानणे लोकांना सोयीचे गेले. ‘लिबर्टी बेल’ हे नावसुद्धा त्या आधी काही वर्षे गुलामगिरीच्या विरोधकांनी दिलेले आहे. १ एप्रिल १९९६ रोजी टॅको बेल या खाद्यपदार्थांच्या साखळीने ही घंटा आपण विकत घेतल्याची पानभर जाहिरात दिली, तेव्हा संतप्त नागरिकांनी उद्यान सेवेला दूरध्वनी करून जाब विचारला. त्याहून मौजेची गोष्ट अशी की १९७० च्या दशकात ‘दिरंगाई करणाऱ्यांच्या’ एका अमेरिकन मंडळाने लंडनच्या मूळ ओतशाळेपुढे गंमत म्हणून निदर्शने केली, घंटेच्या वॉरंटीचे काय, असे फलक दाखवले, आणि ओतशाळेने ‘मूळ वेष्टनासह परत केल्यास बदलून देऊ’ असे कळवले. हे ऐकून काकू पहिल्यांदाच इतिहासात रस घेतात, कारण त्यांच्या माळ्यावर १९९४ पासूनच्या प्रत्येक मिक्सरचे खोके जपून ठेवलेले आहे.

या घंटेवरून फिलाडेल्फिया-दर्शनाचा एक सामान्य नियम हाती लागतो, तो असा की जी वस्तू शाबूत, खरी आणि जागच्या जागी आहे तिच्यापाशी पाहुणा रेंगाळत नाही. मोडलेली, हरवलेली किंवा मुळात घडलीच नसलेली गोष्ट मात्र त्याला खिळवून ठेवते.

समोरच्या इंडिपेंडन्स हॉलचे उदाहरण घ्यावे. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना ज्या सभागृहात संमत झाली, ते सभागृह खरोखर त्याच जागी उभे आहे. त्यासाठी वेळ ठरवून दिलेले तिकीट लागते आणि ते आधी राखून ठेवायचे तर माणशी एक डॉलर पडतो. घंटेपाशी एकदा झालेली सुरक्षातपासणी येथे नव्याने होते आणि काकूंच्या डब्यातील लाडू दुसऱ्यांदा क्ष-किरणांखालून जातात. आत गेल्यावर हिरव्या कापडाने झाकलेली मेजे आणि पिसांच्या लेखण्या दिसतात, हे सामान बहुतेक त्या काळचे असले तरी त्या माणसांचे नव्हे. निःसंशय मूळची अशी एक खुर्ची मात्र आहे, जीत जॉर्ज वॉशिंग्टन राज्यघटनेच्या अधिवेशनात बसत असे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे, तो उगवता की मावळता याचा निर्णय बेंजामिन फ्रँकलिनला अधिवेशनभर होत नव्हता आणि शेवटी सह्या होत असताना त्याने तो उगवता ठरवला. दुपारी अडीचच्या मराठी गटाला हा निर्णय लगेच होतो. ‘मावळता,’ काकू म्हणतात, ‘अजून किती राहिलंय बघायचं?’

काकांची पंचाईत निराळीच होते. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला संमत झाला, जाहीरनाम्याचा मजकूर ४ जुलैला मंजूर झाला आणि बहुतेकांनी सह्या केल्या त्या २ ऑगस्टला, हे ऐकल्यावर त्यांच्यातील निवृत्त अधिकारी जागा होतो आणि मागच्या तारखेचे व्यवहार ऑडिटमध्ये कसे निघत, याचे विवरण सुरू होते. २ जुलै हाच दिवस पुढील पिढ्या साजरा करतील, असे जॉन ॲडम्सने पत्नीला लिहिले होते आणि तो दोन दिवसांनी चुकला. मूळ जाहीरनामा कुठे आहे, या प्रश्नावर रेंजर ‘वॉशिंग्टनला’ असे उत्तर देतो. तेव्हा सर्वांच्या नजरा यजमानाकडे वळतात आणि पुढच्या शनिवारचा कार्यक्रम तेथेच ठरतो.

यानंतर न-घरांचा विभाग लागतो. थॉमस जेफरसनने ज्या घरात भाड्याच्या खोल्या घेऊन जाहीरनामा लिहिला, ते घर १८८३ मध्ये पाडले गेले आणि १९७५ मध्ये पुन्हा बांधले गेले. म्हणजे तेथे येणारे बहुतेक काका त्या घरापेक्षा वयाने मोठे असतात. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष म्हणून १७९० पासून ज्या वाड्यात राहिला त्याच्या तर केवळ विटांच्या चौकटी उभ्या आहेत, आणि त्याही स्वातंत्र्याच्या घंटेच्या दाराशीच; या वाड्यात त्याने निदान नऊ गुलाम ठेवले होते आणि सहा महिने राज्यात वास्तव्य झाले की गुलाम मुक्ततेचा दावा करू शकत असल्याने मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर फिरवून आणण्याची काळजी तो घेत असे. ओनी जज नावाची तरुणी १७९६ मध्ये येथूनच पळाली आणि परत सापडली नाही, म्हणजे ठावठिकाणा लागला तरी हाती लागली नाही. घंटेच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी बरेच जण या चौकटींना टेकून उभे असतात.

परंतु न-घरांचा मुकुटमणी म्हणजे फ्रँकलिनचे घर होय. ते त्याच्या नातवंडांनी १८१२ मध्ये पाडून टाकले. अमेरिकेच्या १९७६ मधील द्विशताब्दीसाठी ते पुन्हा उभारायचे ठरले; पण ते नेमके कसे दिसत होते याचा पुरेसा पुरावा नसल्याने वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज बांधण्याऐवजी घराच्या आकाराची पोलादी चौकट उभी केली, जिला भिंती नाहीत, दारे नाहीत आणि आतही काही नाही. तिला ‘भूत-रचना’ म्हणतात. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी हिच्यापुढे नतमस्तक होतात. मराठी पाहुणे ‘काम कधी पूर्ण होणार?’ असे विचारतात.

‘पूर्ण झालंय, काका.’

‘बिल्डर पळाला वाटतं.’

जमिनीत काही ठिकाणी काचेच्या खिडक्या बसवल्या आहेत आणि त्यांतून खाली जुन्या पायाचे दगड आणि शौचकूप दिसतात. शौचकूप म्हणजे नळयोजनेपूर्वीच्या काळी घराच्या आवारात खणलेला संडासाचा खड्डा. वीज आकाशातून खाली आणणाऱ्या, चष्म्यात दुहेरी भिंगे बसवणाऱ्या, फ्रान्सच्या राजदरबाराला वश करणाऱ्या महापुरुषाच्या वास्तूपैकी जे पाहायला उरले ते हे, आणि आश्चर्य म्हणजे पाहुणे तेथे सर्वात जास्त वेळ थांबतात. घर दिसत नाही म्हणून कुरकुरणारा माणूस खड्डा दिसला की काचेपर्यंत वाकतो, यात मानवी जिज्ञासेविषयी जे काही आहे ते प्रत्येकाने आपापले समजून घ्यावे.

फ्रँकलिनची कबर आर्च रस्त्यावरील ख्रिस्त चर्चच्या दफनभूमीत आहे आणि ती कुंपणाच्या गजांतून फुकट दिसते. काटकसरीची वचने ज्याच्या नावावर खपतात त्या माणसाच्या कबरीवर एका सेंटचे नाणे, म्हणजे पेनी, फेकण्याची प्रथा आहे. या नाण्यांच्या माऱ्याने दगडावर खळगे पडले, आधीची एक चीर वाढली, आणि काही वर्षांपूर्वी तिच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढावी लागली, जिला गायक जॉन बॉन जोव्ही यांनी हातभार लावला. गंमत येथेच संपत नाही. समोर रस्त्यापलीकडे अमेरिकेची टांकसाळ आहे आणि तेथे एक सेंट किमतीचे नाणे पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येतो, हे ध्यानात आल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यवहारासाठीची शेवटची पेनी त्याच टांकसाळीत पाडली गेली. बचतीच्या प्रेषिताला ते कळायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे उशीर झाला. काकू पर्समधून एक पेनी काढतात, ती आता बंद झाली आहे हे कळताच परत ठेवतात आणि ‘पुढे किंमत येईल’ असे म्हणतात. सबंध दिवसात फ्रँकलिनच्या विचारांशी एवढा एकनिष्ठ राहिलेला दुसरा पाहुणा आढळत नाही.

बेट्सी रॉसच्या घराविषयी थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेचा पहिला ध्वज तिने शिवला, ही कथा तिच्या नातवाने १८७० मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, एका सभेत प्रथम जाहीरपणे सांगितली. समकालीन कागद त्याविषयी काही बोलत नाहीत, आणि ती नेमक्या याच घरात राहिली का, याविषयीही शंका आहे. १९७५ मध्ये तिचे अवशेष अंगणात आणून पुरायचे ठरले तेव्हा जुन्या कबरीच्या दगडाखाली हाडेच सापडली नाहीत, म्हणून कुटुंबाच्या जागेत इतरत्र मिळालेली हाडे तिची मानण्यात आली. न शिवलेला ध्वज, न राहिलेले घर आणि न सापडलेली हाडे या तिन्ही बाबींवर मुलगा शाळेतील धड्याच्या आधारे बोलू लागतो, पण तेवढ्यात काकूंना दुकानात ध्वजाची नक्षी असलेले ओव्हनचे हातमोजे दिसतात.

एल्फ्रेथ्स ॲलीत तर याच्या उलट सारे खरे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभापासून या अरुंद गल्लीत माणसे राहत आली आहेत आणि तिच्यातील बत्तीस घरांत आजही राहतात. त्यांना खिडकीशी बसून चहा पिण्याची सोय उरलेली नाही, कारण बाहेरून कोणीतरी काचेला नाक लावून ‘पुतळा आहे की माणूस?’ असे विचारत असते. काकांच्या यादीत या गल्लीला चार मिनिटे दिलेली असतात.

जेवण ही ऐतिहासिक बाब नसल्याने तिचा केवळ उल्लेख पुरे. या शहराचे भूषण म्हणजे चीजस्टेक, अर्थात लांबट पावात भरलेले गोमांसाचे पातळ काप आणि चीज. गटातील शाकाहारी मंडळी त्या दुकानाच्या रांगेत तास काढून ‘मांस काढून द्या’ अशी विनंती करतात आणि मग बाकावर बसून धपाटे खातात.

दुपारनंतर संग्रहालयांचा प्रश्न उभा राहतो आणि येथे मतदान घेतले जाते. म्यूटर संग्रहालय हे वैद्यकशास्त्राचे असून त्यात एकशे एकोणचाळीस कवट्यांची भिंत, आइन्स्टाइनच्या मेंदूचे काप आणि शेव्हालिए जॅक्सन या डॉक्टरने रुग्णांच्या घशातून व श्वासनलिकेतून काढलेल्या दोन हजार तीनशे चौऱ्याहत्तर वस्तू कप्प्याकप्प्यांत मांडलेल्या आहेत. गुंड्या, टाचण्या, नाणी, खेळण्यांचे तुकडे. ‘तोंडात काही घालू नये’ या आईच्या वाक्याला एवढा मोठा पुरावा जगात अन्यत्र नाही, परंतु जेवणानंतर लगेच, या कारणास्तव हा प्रस्ताव फेटाळला जातो. बार्न्स संग्रहात रेन्वारची एकशे एक्याऐंशी आणि सेझानची एकोणसत्तर चित्रे आहेत. जंतुनाशक औषधाच्या विक्रीतून श्रीमंत झालेल्या डॉ. बार्न्सने ती लोखंडी बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे यांच्या मधोमध टांगली, शेजारी नावाच्या पाट्याही लावल्या नाहीत आणि आपल्या पश्चात एकही चित्र हलवू नये, असे बजावले. पुढे न्यायालयाच्या परवानगीने सारा संग्रह २०१२ मध्ये उपनगरातून शहरात हलवण्यात आला आणि प्रत्येक बिजागरी जुन्या जागीच, म्हणजे जुन्या जागेच्या हुबेहूब नव्या जागी, ठोकण्यात आली. पाट्या नसतील तर बघितलेले कळणार कसे, या काकांच्या मुद्द्यावर हाही प्रस्ताव पडतो. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी, म्हणजे १८२९ चा, एकांतवासाच्या प्रयोगासाठी बांधलेला आणि डिकन्सने १८४२ मध्ये येऊन धिक्कारलेला तुरुंग, आज भग्न अवस्थेत जतन केला आहे; तेथे गुंड अल कपोनची कोठडी आहे आणि १९२४ मध्ये दाखल झालेल्या पेप नावाच्या कुत्र्याची कैदी-क्रमांकासह नोंद आहे. ‘पैसे देऊन तुरुंगात?’ एवढ्या तीन शब्दांत काकू त्याचा निकाल लावतात.

उरते फिलाडेल्फियाचे कलासंग्रहालय. त्याच्या बाजूने बहुमत होण्याचे कारण कला नसून बाहेरच्या बहात्तर पायऱ्या हे आहे, ज्या १९७६ च्या ‘रॉकी’ चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलनने धावत चढून हात उंचावले. चित्रपटाच्या तिसऱ्या भागासाठी त्याचा ब्राँझचा पुतळा बनवला गेला आणि ती कलाकृती की चित्रीकरणाचे सामान यावर शहरात वर्षानुवर्षे वाद झाला. दरम्यान याच शहरात राहून जगज्जेता झालेल्या, १९७१ मध्ये महंमद अलीला हरवणाऱ्या जो फ्रेझर या जिवंत रक्तामांसाच्या मुष्टियोद्ध्याला पुतळा मिळायला २०१५ साल उजाडले, आणि तोवर तो वारला होता. सकाळपासून गुडघ्याच्या नावाने चार स्थळे टाळणारे काका येथे एकाएकी चपळ होतात, पायऱ्या चढतात, हात उंचावतात, छायाचित्र नीट आले नाही असे कळल्यावर खाली उतरून पुन्हा चढतात, आणि संग्रहालयाचे दार तेथून वीस पावलांवर असताना ‘झालं ना बघून?’ असे विचारतात.

यजमानाच्या आग्रहाने जे आत जातात त्यांना कलावंत मार्सेल द्युशाँचा मूत्रपात्राचा नमुना दिसतो, जो १९१७ च्या मूळ, हरवलेल्या वस्तूची १९५० ची प्रतिकृती आहे, आणि त्याचीच ‘लार्ज ग्लास’ नावाची काच दिसते, जी प्रदर्शनाहून परत नेताना वाटेत तडकली. द्युशाँने ती जुळवली आणि हे तडे आपल्याला पसंत आहेत, असे जाहीर केले. एकाच शहरात तडकलेली घंटा आणि तडकलेली काच दोन्ही पूज्य ठरल्या, यावरून तड्यांचा या शहराच्या संस्कृतीतील वाटा लक्षात यावा.

वरच्या मजल्यावर मात्र अनपेक्षित प्रकार घडतो. तेथे मदुराईच्या मदनगोपाळस्वामी मंदिराचा दगडी खांबांचा मंडप उभा आहे. ॲडेलिन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईने १९१२ मध्ये मदुराईत हे कोरीव खांब विकत घेतले आणि १९१९ मध्ये तिच्या स्मरणार्थ कुटुंबाने ते संग्रहालयाला दिले. दिवसभर घड्याळ पाहणाऱ्या काकू उंबरठ्याशी थबकतात आणि चपला काढतात. पहारेकरी धावत येतो.

‘मॅडम, इथे शूज घालावे लागतात.’

‘देवळात?’

‘हे म्युझियम आहे.’

‘मग देव कुठे ठेवलाय?’

पहारेकऱ्याला या प्रश्नाचे प्रशिक्षण दिलेले नसते. तो बिनतारी यंत्रावर कोणाला तरी विचारतो. तोवर काकूंनी प्रदक्षिणा पूर्ण केलेली असते, आणि पूर्ण दिवसात कोणत्याही वस्तूकडे त्यांनी चारही बाजूंनी पाहिल्याचे हे एकमेव उदाहरण होय.

परतीच्या वाटेवर गाडीतूनच नगरभवन दाखवले जाते. त्याच्या माथ्यावर पेनचा सदतीस फुटी पुतळा असून त्याच्या हॅटपेक्षा उंच इमारत बांधायची नाही, असा अलिखित संकेत १९८७ पर्यंत पाळला गेला. तो मोडल्यावर शहराचा एकही व्यावसायिक संघ अजिंक्यपद मिळवीना, तेव्हा २००७ मध्ये नव्या सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यावर कामगारांनी पेनची चिमुकली मूर्ती बसवली आणि पुढच्याच वर्षी बेसबॉलचा संघ विजेता ठरला. ‘वास्तुशांत,’ काकू म्हणतात, आणि अमेरिकन लोकांविषयी त्यांचे मत सुधारते.

नेमक्या याच वेळी काकांना आठवते की आनंदीबाई जोशी याच शहरात शिकल्या. आठवण खरी आहे: त्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. ते महाविद्यालय पुढे विलीन होत होत ड्रेक्सेल विद्यापीठात मिसळले आणि त्याचे कागद त्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. अभिलेखागार म्हणजे जुनी पत्रे आणि नोंदी अभ्यासकांसाठी सांभाळणारे ठिकाण.

‘तिथे बघायला काय आहे?’ काका विचारतात.

‘कागद. आणि तो फोटो, तिघींचा. आनंदीबाई, ती जपानी डॉक्टर आणि ती सीरियाची.’

‘तो काय, दर आठ मार्चला ग्रुपवर येतो,’ काकू म्हणतात.

प्रस्ताव बारगळतो. गाडीत कोणी काही बोलत नाही. मग काका यादी काढतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात. तेथे ‘किंग ऑफ प्रशिया’ असे लिहिलेले असते आणि पुढे कंसात, मोठ्या अपेक्षेने, पंचेचाळीस मिनिटे. प्रशियाच्या राजाचा या भागाशी संबंध एवढाच की अठराव्या शतकात त्याच्या नावाची एक खाणावळ येथे होती. तिच्यावरून गावाला नाव पडले, आणि ती दगडी खाणावळ महामार्गाच्या गर्दीत अडकल्याने २००० साली उचलून दुसरीकडे नेण्यात आली. गावात आता चारशेहून अधिक दुकानांचा, अमेरिकेतील अतिविशाल मॉलपैकी एक मॉल आहे आणि कपड्यांवर त्या राज्यात विक्रीकर नाही. यजमान हे कसे सांगावे याचा विचार करत गाडी वळवतो, पण सांगण्याची वेळ येत नाही. पंचेचाळीस मिनिटांचे तीन तास होतात, पाट्या वाचल्या जातात, एकही दालन सुटत नाही, आणि कोणाचेही पाय दुखत नाहीत. निघताना काका प्रवेशद्वारावरील भव्य अक्षरांखाली दोन पिशव्यांसह उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि पुण्याला पाठवताना खाली लिहितात: ‘प्रशियाच्या राजवाड्यात. सविस्तर नंतर.’